कागद तुमचा, शब्द माझे : पत्राची मालकी नक्की कोणाची?

एक साधा प्रश्न विचारतो. तुम्ही मला पत्र लिहिलंत. पोस्टमनने ते माझ्या हातात आणून दिलं. आता ते पत्र कोणाचं?

बहुतेक जण म्हणतील, ज्याला आलं त्याचं. बरोबर आहे. मी ते जपून ठेवू शकतो, फाडू शकतो, चुलीत घालू शकतो. तुम्ही उद्या मोठे झालात तर ते विकून चार पैसेही मिळवू शकतो. तुम्ही दारात येऊन "माझं पत्र परत दे" म्हणालात तर "देत नाही जा" असं म्हणण्याचा मला हक्क आहे. पण तेच पत्र मी माझ्या पुस्तकात छापू शकतो का?

नाही. तुमच्या परवानगीशिवाय नाही. कागद माझा झाला, शब्द तुमचेच राहिले.

हा नियम कालपरवाचा नाही. इंटरनेट सोडा, टपाल तिकीटसुद्धा जन्माला आलं नव्हतं तेव्हाचा आहे. १७४१ साली लंडनच्या एका न्यायालयात तो ठरला आणि पुढे इंग्रजी कायद्याचं बोट धरून आपल्याकडे आला. आज मोबाईलवरचा प्रत्येक मेसेज, प्रत्येक पोस्ट, प्रत्येक ई-मेल याच नियमाखाली येते. तरी "एकदा टाकलं की सगळ्यांचं" हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहज बोललं जातं की जणू तोच कायदा. म्हणून आज ही जुनी गोष्ट जरा सविस्तर सांगतो. लांब आहे, चहा घेऊन बसा.

कवी आणि पुस्तकविक्रेता

आधी त्या काळाची पार्श्वभूमी. इंग्लंडमध्ये १७१० साली एक कायदा लागू झाला. राणी ॲनच्या कारकिर्दीतला म्हणून त्याला 'ॲनचा कायदा' म्हणतात. त्याआधी पुस्तकावरचा हक्क म्हणजे छापणाऱ्यांच्या संघाचा हक्क. लेखक हस्तलिखित विकायचा आणि विषय संपायचा. या कायद्याने पहिल्यांदा लेखकाला हक्काचा धनी मानलं. नव्या पुस्तकावर १४ वर्षं, आणि तेव्हा लेखक हयात असेल तर आणखी १४ वर्षं. कायद्याचा उद्देश लिहिला होता विद्येला उत्तेजन. पुस्तकांचा उल्लेख होता, पत्रांचा नव्हता.

त्या काळचा लंडनमधला सगळ्यात गाजलेला कवी म्हणजे अलेक्झांडर पोप. आणि सगळ्यात बदनाम पुस्तकविक्रेता म्हणजे एडमंड कर्ल. कुणी मोठा माणूस मेला की त्याचं चरित्र बाजारात आणायचं, कुणाची खासगी कागदपत्रं मिळाली की छापायची, हा कर्लचा धंदा. दोघांचं वैर जुनं. १७१६ साली पोपने कर्लला एका खानावळीत गाठून त्याच्या दारूत ओकारीचं औषध मिसळलं होतं, आणि वर त्या प्रसंगावर पत्रक लिहून छापलं. मोठी माणसं, पण भांडण आपल्या गल्लीतल्यासारखंच.

१७२६ मध्ये कर्लने पोपची पत्रं पहिल्यांदा छापली. पोपने तरुणपणी हेन्री क्रॉमवेल नावाच्या मित्राला लिहिलेली ही पत्रं. क्रॉमवेलने ती आपल्या मैत्रिणीला दिली होती, आणि पुढे ती बाई पैशांच्या अडचणीत आल्यावर तिने कर्लला विकली. बघा, कागद कसा हातोहात फिरला. लिहिणाऱ्याला कोणी विचारलंच नाही.

पोपही काही साधा माणूस नव्हता. स्वतःची पत्रं स्वतःच छापणं तेव्हा गर्विष्ठपणाचं मानलं जाई. म्हणून १७३५ मध्ये त्याने एक डाव रचला. टोपणनावाच्या मध्यस्थांमार्फत आपलीच पत्रं गुपचूप कर्लच्या हाती पडतील अशी व्यवस्था केली. कर्लने हावरटपणे ती विकायला काढली. मग पोप म्हणायला मोकळा, "बघा, माझी पत्रं चोरून छापली, आता मला खरी प्रत काढणं भाग आहे!" १७३७ मध्ये त्याने आपली अधिकृत आवृत्ती काढली. हा सगळा बनाव पुढच्या शतकात अभ्यासकांनी उघडा पाडला.

आता मुख्य मुद्दा. १७४१ मध्ये कर्लने आणखी एक पुस्तक काढलं. 'गलिव्हर'वाला जोनाथन स्विफ्ट आणि पोप यांच्यातला पत्रव्यवहार. यावेळी पोप थेट न्यायालयात गेला. खटला लॉर्ड चान्सलर हार्डविक यांच्यासमोर आला. जून १७४१.

तीन बचाव, तीन उत्तरं

कर्लच्या बाजूने जे मुद्दे मांडले गेले ते नीट वाचा. कारण हेच मुद्दे मी आजही ऐकतो, फक्त भाषा मराठी असते.

पहिला मुद्दा: पत्र पाठवलं म्हणजे देऊन टाकलं. ती भेट झाली. भेट दिलेल्या वस्तूवर देणाऱ्याचा हक्क कसला?

हार्डविक यांनी सांगितलं, पत्र मिळणाऱ्याचा हक्क फार तर त्या कागदावर. पत्र मिळालं म्हणजे ते साऱ्या जगासाठी छापायचा परवाना मिळाला असं होत नाही.

दुसरा मुद्दा: हा कायदा विद्येच्या उत्तेजनासाठी आहे. "कसे आहात, तब्येत कशी आहे" अशा घरगुती पत्रांना कसली आली विद्या? ती काय ग्रंथ आहेत?

हार्डविक म्हणाले, असा भेद करता येत नाही. उलट जी पत्रं छापायच्या हेतूने लिहिलीच नव्हती, रोजच्या साध्या विषयांवर होती, त्यांनीच लोकांचं जास्त भलं केलेलं आहे. मला निकालातला हा भाग सगळ्यात आवडतो. एक न्यायाधीश सांगतोय की साध्या माणसाचं साधं लिहिणंसुद्धा लिहिणंच आहे.

तिसरा मुद्दा: हे पुस्तक आधी डब्लिनमध्ये छापलं गेलंय. ब्रिटिश कायदा आयर्लंडला लागू नाही. मग तिथे छापलेलं इथे पुन्हा छापलं तर काय बिघडलं?

हार्डविक म्हणाले, हे मान्य केलं तर उद्या कोणीही पुस्तक आधी आयर्लंडला पाठवेल, तिथे छापून आणेल आणि कायद्याला वळसा घालेल. आजच्या भाषेत सांगायचं तर "मला दुसऱ्या ग्रुपवरून आलं, मी फक्त पुढे ढकललं" हा बचाव त्यांनी तेव्हाच फेटाळला.

शेवटी मनाई हुकूम कायम राहिला. पण त्यात एक गंमत आहे. ही मनाई फक्त पोपने *लिहिलेल्या* पत्रांपुरती होती. स्विफ्टने पोपला लिहिलेली पत्रं पोपच्या घरी आली होती, कागद पोपला मिळालेले, तरी त्यावर पोपला हुकूम मागता आला नाही. कारण ते शब्द त्याचे नव्हते. नियम दोन्हीकडून सारखा कापतो.

हे समजायला आपल्या घरचं उदाहरण देतो. जी. ए. कुलकर्णी आणि सुनीताबाई देशपांडे यांचा पत्रव्यवहार मराठी वाचकांना माहीत आहे. जीएंनी सुनीताबाईंना लिहिलेली पत्रं 'जीएंची निवडक पत्रे' या मालिकेत आली. सुनीताबाईंनी जीएंना लिहिलेली पत्रं 'प्रिय जी. ए.' या वेगळ्या पुस्तकात आली. संवाद एकच, पण दोन लेखक, दोन पुस्तकं. पोप-स्विफ्ट खटल्यातला निकाल आपल्या कपाटात असा शेजारी शेजारी उभा आहे.

विधवा सून आणि दीड हजार गिनी

तीसेक वर्षांनी या नियमाची खरी परीक्षा झाली. लॉर्ड चेस्टरफील्ड नावाच्या उमरावाने आपल्या अनौरस मुलाला, फिलिपला, वर्षानुवर्षं पत्रं लिहिली. कसं वागावं, कसं बोलावं, दरबारात कसं उभं राहावं. १७६८ मध्ये मुलगा वारला. तेव्हा बापाला कळलं की त्याचं गुपचूप लग्न झालं होतं, बायको होती आणि दोन मुलगेही होते. म्हाताऱ्याने नातवंडांची सोय केली, पण सुनेला मृत्युपत्रात काही ठेवलं नाही. १७७३ मध्ये तो गेला.

सून युजीनिया हिच्याकडे काय होतं? सासऱ्याची पत्रं. नवऱ्याला आलेली, म्हणजे कागद आता तिचे. तिने ती एका प्रकाशकाला दीड हजार गिनींना विकली. तेव्हा ही रक्कम प्रचंड होती. चेस्टरफील्डच्या मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारे न्यायालयात धावले आणि न्यायालयाने पोपच्या खटल्याचाच आधार घेऊन मनाई दिली. पत्रं बाळगायचा हक्क सुनेचा, छापायचा नाही. पुढे दोन्ही पक्षांत समझोता झाला आणि १७७४ मध्ये पुस्तक आलंच. आजही ते वाचलं जातं.

इथे माझं मन सुनेच्या बाजूने जातं. तिला पोट होतं, मुलं होती. कायदा मात्र भावनेवर चालला नाही. पत्र लिहिणारा मेला तरी त्याच्या शब्दांचा हक्क त्याच्या वारसांकडे जातो, पत्र मिळणाऱ्याकडे नाही, हे या खटल्याने पक्कं केलं.

वॉशिंग्टन, सालिंजर आणि मेगन

हाच नियम समुद्र ओलांडून अमेरिकेत गेला. तिथे १८४१ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनच्या पत्रांवरून वाद झाला. जॅरेड स्पार्क्स या अभ्यासकाने वॉशिंग्टनचं लिखाण बारा खंडांत छापलं होतं. दुसऱ्या एका लेखकाने दोन खंडांचं, ८६६ पानांचं चरित्र काढलं आणि त्यातली ३५३ पानं स्पार्क्सच्या खंडांतून जशीच्या तशी उचलली. बचाव तोच: राष्ट्राध्यक्षाची पत्रं, म्हणजे सगळ्या देशाची. न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांनी तो मानला नाही. पत्र कोणतंही असो, हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या वारसांचा. पण याच निकालात त्यांनी दुसरं दारही उघडलं. टीका किंवा चर्चा करण्यासाठी थोडा उतारा घ्यायला हरकत नाही; मात्र किती घेतलं, का घेतलं आणि त्याने मूळ पुस्तकाच्या खपाला धक्का बसतो का, हे बघायचं. आज जगभर ज्याला 'फेअर यूज' म्हणतात, त्या विचाराची पायाभरणी इथे झाली.

विसाव्या शतकातलं उदाहरण जे. डी. सालिंजरचं. 'द कॅचर इन द राय' लिहून हा माणूस जगापासून लपून बसला. इयान हॅमिल्टन नावाच्या चरित्रकाराने त्याची पत्रं विद्यापीठांच्या ग्रंथालयांत शोधून काढली. पत्रं ज्यांना आली होती त्यांनी, किंवा त्यांच्या पश्चात इतरांनी, ती तिथे ठेवलेली. कुणीही जाऊन वाचावीत. सालिंजरने खटला भरला आणि १९८७ मध्ये तो जिंकला. वाचायला उघडी असणं वेगळं आणि छापायला मोकळी असणं वेगळं, असं न्यायालयाने धरलं. हॅमिल्टनला पुस्तक नव्याने लिहावं लागलं.

याच सालिंजरच्या पत्रांची दुसरी गोष्ट १९९९ ची. त्याने पूर्वी जॉयस मेनार्ड या लेखिकेला लिहिलेली पत्रं तिने लिलावात काढली. ती तिला करता आली, कारण कागद तिचे होते. १,५६,५०० डॉलर बोली लागली. घेणारा कोण? पीटर नॉर्टन. आपल्या जुन्या कॉम्प्युटरवर 'नॉर्टन अँटिव्हायरस' असायचा ना, तोच. त्याने जाहीर केलं की ही पत्रं मी सालिंजरला परत देण्यासाठी घेतली आहेत. एवढे पैसे मोजूनही त्यातली एक ओळ छापायचा हक्क त्याला मिळाला नव्हता.

आपल्या सरकारनेही २०१२ मध्ये गांधीजी आणि त्यांचे दक्षिण आफ्रिकेतले मित्र हर्मन कॅलनबाख यांच्याशी संबंधित पत्रं आणि कागदपत्रं लंडनच्या लिलावाआधी सुमारे सात लाख पौंडांना विकत घेतली. कागदाची किंमत ही अशी असते. ती इतिहासाची किंमत आहे. शब्दांच्या हक्काचा हिशेब वेगळा.

आणि अगदी ताजं उदाहरण. इंग्लंडच्या राजघराण्याची सून मेगन हिने २०१८ मध्ये आपल्या वडिलांना हाताने पत्र लिहिलं. वडिलांनी ते वृत्तपत्राला दिलं. 'मेल ऑन संडे'ने २०१९ मध्ये त्यातला बराच भाग छापला. २०२१ मध्ये आधी उच्च न्यायालयात आणि मग अपिलात वृत्तपत्र हरलं. कागद बापाचा, शब्द लेकीचे. २८० वर्षांत नियम जागचा हलला नाही.

आपल्याकडे काय?

भारतात कॉपीराइटचा पहिला कायदा ईस्ट इंडिया कंपनीने १८४७ मध्ये केला. पुढच्याच वर्षी, १८४८ मध्ये, मराठीत एक मोठी गोष्ट सुरू झाली. भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात 'लोकहितवादी' या टोपणनावाने पत्रं येऊ लागली. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख. हीच ती शतपत्रं. यांचा प्रकार पोपच्या पत्रांपेक्षा वेगळा, कारण ती सगळ्यांनी वाचावीत म्हणूनच लिहिलेली. खरं नाव खाली नव्हतं, छापणारा दुसरा, वाचणारे शेकडो. तरी आज कोणी शतपत्रांचे कर्ते म्हणून भाऊ महाजनांचं नाव सांगतं का? संपादकाने जागा दिली म्हणून तो लेखक होत नाही. चार लोकांसमोर मांडलं म्हणून शब्द बेवारस होत नाहीत.

पुढे १९१४ चा कायदा आला, आणि मग स्वतंत्र भारताचा १९५७ चा कॉपीराइट कायदा, जो २१ जानेवारी १९५८ पासून लागू आहे. त्यातल्या कामाच्या गोष्टी थोडक्यात सांगतो.

पत्र, मेसेज, पोस्ट हे सगळं स्वतःच्या डोक्याने लिहिलेलं असेल तर कायद्याच्या भाषेत 'साहित्यकृती'. त्यासाठी तुम्ही साहित्यिक असायला पाहिजे असं नाही. नोंदणीची सक्ती नाही. लिहिलं त्या क्षणी हक्क तयार होतो. कलम १७ सांगतं, पहिला मालक लेखक. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर कलम १९ प्रमाणे लेखी आणि सहीनिशी. "तोंडी हो म्हणाले होते" हे चालत नाही.

हक्काची मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. आधी ती ५० होती. रवींद्रनाथांच्या लेखनाची मुदत १९९१ अखेर संपत होती, विश्वभारतीला त्याची चिंता होती, तेव्हा कायदा बदलून दहा वर्षं वाढवली. आणि लेखकाच्या हयातीत छापलंच नाही असं लेखन असेल, तर कलम २४ प्रमाणे ही ६० वर्षं ते छापलं जाईल तेव्हापासून मोजायची. म्हणजे आजोबांच्या ट्रंकेत पडलेल्या न छापलेल्या पत्राचं घड्याळ अजून सुरूही झालेलं नसेल.

सगळ्यात महत्त्वाचं कलम ५७. लेखकाने सगळे हक्क विकले तरी "हे मी लिहिलंय" असं सांगण्याचा त्याचा हक्क उरतो. नावाचा हक्क. तो पैशाच्या हक्कापेक्षा वेगळा आहे.

आमच्या पत्रकार मंडळींसाठीही एक ओळ. नोकरीत असताना पेपरसाठी लिहिलेल्या मजकुरावर मालकाचा हक्क असतो, पण वेगळा करार नसेल तर तो वृत्तपत्र-नियतकालिकात छापण्यापुरता. बाकीचा लेखकाकडे राहतो. आणि वाचकांची पत्रं? ती पाठवणारे आमचे नोकर नाहीत. ती पाठवली म्हणजे अंकात छापायला परवानगी दिली, एवढंच.

आता आपल्या गावातलं

हे सगळं मी का सांगत बसलोय? कारण आपल्याच भागात घडलेली एक गोष्ट. नावं घेत नाही, घ्यायची गरजही नाही.

एक निवृत्त गुरुजी. वय ऐंशीच्या घरात. कोविडच्या काळात नातवाने मोबाईल शिकवला आणि गुरुजी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहायला लागले. जुना आठवडी बाजार कुठे भरायचा, कुठल्या आळीत किती विहिरी होत्या आणि त्या कोणी खोदल्या, बहात्तरच्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर कोण कोण खडी फोडायला होतं. रोज रात्री एक मजकूर. अशुद्ध टायपिंग, पण माहिती सोन्यासारखी. आम्ही वाट बघायचो.

दोन वर्षांनी एका उत्सवाची स्मरणिका निघाली. चकचकीत कागद, जाहिरातींची रेलचेल. आत गावाच्या इतिहासावर एक विभाग. वाचायला लागलो तर एकेक वाक्य ओळखीचं. गुरुजींचे अकरा मजकूर, शुद्धलेखन सुधारून. खाली 'संकलन' म्हणून भलत्याच गृहस्थांचं नाव. गुरुजींचं नाव आभारातसुद्धा नाही.

मी संबंधितांना विचारलं. उत्तर मिळालं, "अहो, ग्रुपवर टाकलं म्हणजे सगळ्यांचं झालं ना? आणि ते काय पुस्तक थोडंच होतं? आम्हाला तर दुसऱ्या ग्रुपवरून आलं."

मोजून बघा. कर्लचे तिन्ही मुद्दे, त्याच क्रमाने. या गृहस्थांनी कर्लचं नाव ऐकलेलं असण्याची शक्यता नाही. आपसूकच सुचलं. दुसऱ्याचं उचलायचं असलं की माणसाला अडीचशे-तीनशे वर्षं हेच सुचत आलंय.

गुरुजी कोर्टात गेले नाहीत. भांडलेही नाहीत. "जाऊ द्या, गावाचंच आहे ते" म्हणाले. पण त्यांनी लिहिणं थांबवलं. विहिरींची यादी अर्धी राहिली. पाच आळ्या झाल्या होत्या, तीन बाकी होत्या. आता ती माहिती सांगेल असं दुसरं माणूस माझ्या ओळखीत नाही. नुकसान गुरुजींचं किती झालं ते ते जाणोत. गावाचं किती झालं ते मी सांगू शकतो: तीन आळ्यांचं.

कॉपीराइट म्हटलं की आपल्याला सिनेमावाले, गाणीवाले आणि त्यांचे कोटी आठवतात. खरं तर हा हक्क अशा गुरुजींसाठी जास्त महत्त्वाचा. त्यांना मानधन नको होतं, फक्त खाली नाव हवं होतं. तेवढंसुद्धा दिलं नाही तर लिहिणारा हात आखडतो.

दुसरी बाजूही बघू

उद्या कोणी या पोस्टचा आधार घेऊन प्रत्येक फॉरवर्डवर भांडायला लागेल, म्हणून मर्यादाही सांगतो.

कॉपीराइट शब्दरचनेला असतो, माहितीला नाही. अमुक विहीर अमुक साली खोदली ही माहिती कुणाच्या बापाची नाही. ती घेऊन स्वतःच्या शब्दांत लिहा, आणि चांगल्या माणसासारखं "गुरुजींकडून कळलं" असं म्हणा. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच सांगितलंय की कल्पनेवर किंवा विषयावर हक्क नसतो, मांडणीवर असतो.

'शुभ सकाळ' आणि गुलाबाच्या फुलावर कोणाचा हक्क नाही. निदान थोडी तरी स्वतःची बुद्धी लेखनात दिसली पाहिजे.

टीका, परीक्षण किंवा चालू घडामोडींची बातमी यासाठी वाजवी उतारा घ्यायला कलम ५२ मोकळीक देतं. न्यायालयीन कामासाठी पत्र पूर्ण सादर करता येतं. म्हणजे कोणी धमकीचं पत्र पाठवून "माझा कॉपीराइट आहे" म्हणाला तर त्याला खुशाल हसा आणि पोलीस ठाण्यात जा. हा हक्क लबाडी झाकायला नाही.

ग्रुपवर लिहिताना माणसाला माहीत असतं की लोक ते पुढे पाठवणार. तेवढी मूक संमती त्यात धरावी लागेल, असं मला वाटतं. पण नाव खोडून, आपलं नाव घालून, पुस्तकात किंवा पेपरात छापण्याची संमती त्यात नाही. आणि ग्रुप ॲडमिनने "माझ्या ग्रुपवरचं आहे" म्हणू नये. मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलंय की सदस्याच्या आक्षेपार्ह पोस्टसाठी ॲडमिनला केवळ ॲडमिन आहे म्हणून जबाबदार धरता येत नाही. तो विषय वेगळा होता, पण ज्याची जबाबदारी आपल्यावर नको असते त्याची मालकी तरी कशी मागायची? व्हॉट्सॲप आणि फेसबुक या कंपन्यासुद्धा आपल्या अटींत तुमच्या लिखाणाची मालकी मागत नाहीत. सेवा चालवण्यापुरता वापराचा परवाना घेतात. अमेरिकेतली कंपनी जे मागत नाही ते स्मरणिका समितीने का मागावं?

मग करायचं काय?

फार काही नाही. लिहिणाऱ्यांनी मजकुराखाली नाव, गाव आणि तारीख टाकायची सवय लावा. महत्त्वाचं लिखाण वहीत किंवा ई-मेलवर जपून ठेवा, उद्या पुरावा लागला तर उपयोगी पडेल. स्मरणिका, दिवाळी अंक, ग्रामपंचायतीचं पुस्तक काढणाऱ्यांनी एक फोन करा आणि दोन ओळींची लेखी परवानगी घ्या. बहुतेक माणसं आनंदाने देतात. गुरुजींनीही दिली असती, वर आणखी तीन आळ्या लिहून दिल्या असत्या. आणि नाव खोडलेला चांगला मजकूर तुमच्याकडे आला तर "मूळ लेखक कोण?" एवढं विचारा.

पुढच्या आठवड्यात मी गुरुजींकडे जाणार आहे. लिहायची विनंती करायला नाही, ते आता लिहिणार नाहीत. रेकॉर्डर घेऊन जाणार आहे. ते बोलतील, मी उतरवून घेईन आणि त्यांच्याच नावाने इथे टाकेन. विहिरींबद्दल कोणाला काही विचारायचं असेल तर खाली कमेंटमध्ये प्रश्न लिहा, सोबत घेऊन जातो.

पोस्ट आवडली तर जरूर शेअर करा. कॉपी-पेस्ट केलीत तरी चालेल, नाव तेवढं राहू द्या.